काकूंच्या गाठीबद्दल

घाटंजी,
१२ डिसेंबर

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, "आईच्या जांघेत अवधानासारखी गाठ आलीय, पण दुखत नाही." दवाखान्यात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात कापूस वेचणारी एक सत्तरीची बाई आली. पायात काटा रुतला म्हणून अवधान आलं असेल, असं धरून तिने जांघेतली गाठ वर्षभर लुगड्याआड ठेवली. सुनेलाही सांगितलं नाही. मग गाठ लाल झाली, ताप भरला. गावात कुणीतरी गळू समजून चिरा दिला. पू निघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच जखमेतून विष्ठा येऊ लागली. जखम दाखवताना पदरात तोंड खुपसून रडत होती रे.

तो हर्निया होता. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या रक्तवाहिन्यांना लागून एक अरुंद वाट असते. तिथून आतडं उतरतं. हा प्रकार बायकांत जास्त, त्यातही उतारवयात. वाटेची कड ताठ, त्यामुळे आतडं लवकर अडकतं. हिच्या आतड्याची एका बाजूची भिंत तेवढी चिमटली होती. रिख्टर नावाच्या जर्मन सर्जनने १७७८ साली याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ओळखतात. नळी पूर्ण बंद होत नाही, म्हणून शौचाला होतं, वारा सरतो, उलट्याही नसतात कधीकधी. घरचे म्हणतात पोट साफ आहे, आणि आत तो तुकडा काळा पडून फुटतो. दुर्मीळ आहे हे. पण पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

तिचा सडलेला भाग कापून आतडं जोडलं. आठव्या दिवशी तिने आंबील मागितली. चिरा देणाऱ्याचा राग येतो, पण त्या वर्षभराच्या लाजेनं जास्त जीव तुटतो.

काकू तुझ्याशी बोलणार नाहीत, वहिनींना विचारायला सांग: खोकल्यावर गाठ फुगते का, आडवं झाल्यावर जाते का? रविवारी घेऊनच ये. आमच्या डॉक्टर मॅडम तपासतील. तोवर गाठ कडक झाली, दुखू लागली किंवा लाल दिसली तर दाबू नका, शेकू नका, रविवारचीही वाट पाहू नका, १०८ ला फोन कर. पैशांचं मी बघतो.

तुझाच,
दिनू