वैशे, निदान दाजींना तरी सांग

पुणे, रविवार रात्र

प्रिय वैशे,

परवा तुझा मेसेज आला, "वजनाचं इंजेक्शन सुरू करतेय, घरी कुणाला माहीत नाहीये, तू पण बोलू नकोस", तेव्हा फोनच करणार होते पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, हो गं हो गं करत विषय बदलशील. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बस, मोठं आहे.

आधी कबुली. गेल्या दिवाळीत सगळ्या म्हणत होत्या ना मंजू किती बारीक झाली, आणि मी ज्वारीची भाकरी आणि तळजाई टेकडीचं फिरणं सांगत सुटले होते, ते अर्धंच खरं. एप्रिल ते सप्टेंबर मी मौंजारो, म्हणजे तसलंच वजनाचं इंजेक्शन, घेत होते. तेव्हा नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूबाईंना नव्हतं. आठवड्याला एक छोटी बाटली, साडेतीन हजाराची, ती फ्रीजमध्ये लपवायची म्हणून पार मागे, भिंतीला टेकून लोणच्याच्या बरणीमागे ठेवायचे. एकदा तिथं ती गोठलीच. गोठलेलं औषध वापरायचं नसतं, मग गेले साडेतीन हजार.

सुई काही दुखत नाही गं, मुंगी चावल्यासारखं. त्रास नंतर. पहिले दोन दिवस मळमळ, फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, चांगल्या अर्थाने नाही. सकाळच्या पोह्यांचे ढेकर संध्याकाळी. आणि संडासचं तर विचारूच नको, इसबगोल माझा जिवलग झाला होता. हे बरंचसं होतं कारण औषध पोट उशिरा रिकामं करतं, भूक मरते ती मात्र मुख्य मेंदूकडून आणि थोडी त्यातून. म्हणून डोस हळूहळू चढवतात. तुझं इंजेक्शनचं पेन सेमाग्लुटाइड या औषधाचं, माझ्या मौंजारोत टिर्झेपेटाइड होतं, पण जात एकच. वजनासाठी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दर चार आठवड्यांनी एक पायरी. तुझा जिमवाला म्हणतोय थेट १ घ्या लवकर फरक पडेल, त्याला म्हणावं आधी स्वतः घेऊन बघ. उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी गेलं की किडनीवर येतं ते काय तो निस्तरणारे?

आता मेन गोष्ट. सप्टेंबरात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते तुला माहितीये, पण तेव्हा मी तुला कापून सांगितलं होतं. रात्री जेवल्यावर उजव्या बरगडीखाली जी कळ आली ती पाठीत खांद्यापर्यंत, उभं राहता येईना. हॉस्पिटलमध्ये विचारलं काही औषधं चालू? शेजारी सासूबाई, पलीकडे नणंद. म्हटलं थायरॉइडची गोळी. सोनोग्राफीत खडे निघाले, उद्या सकाळी ऑपरेशन करू म्हणाले. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, त्यांनी तर नाव घेऊनच विचारलं, वजनाचं इंजेक्शन वगैरे घेता का? मी नाही म्हटलं! वैशे, मी तोंडावर नाही म्हटलं.

रात्रभर झोप नाही. पहाटे सगळे चहाला खाली गेले तेव्हा सिस्टरला हाक मारली आणि सांगून टाकलं. भुलीच्या मॅडम आल्या, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या बरं झालं सांगितलंत. उपाशी असलात तरी तुमच्या पोटात अन्न असू शकतं, भुलीत ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. पोटावर मशीन फिरवून बघितलं तर खरंच, आदल्या रात्रीचं अजून होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर, तोवर नुसतं पातळ. खडे इंजेक्शननं झाले का? डॉक्टर म्हणाले औषधानंही होतात आणि भराभर वजन उतरलं तरी होतात, माझं पाच महिन्यांत ११ किलो उतरलं होतं, आता नेमकं कुणाच्या डोक्यावर फोडायचं.

तुझं तर अजून वेगळं आहे. तू शुगरची ग्लिमेपिराइड घेतेस, त्यात हे मिळवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, ती गोळी कमी करायची का ते डॉक्टरच ठरवणार, जिमवाला नाही. डोळ्यांचा पडदा तपासून घे आधी, शुगरवाल्यांना त्यात गडबड होऊ शकते. मिरजेला तुझ्या मावशीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं ना, गाठ कसली होती ते विचारून घे. थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर घरात असेल तर हे औषध नाहीच घ्यायचं. उंदरांमध्ये तशा गाठी दिसल्या म्हणून हा इशारा आहे, माणसांत सिद्ध झालेलं नाही. आपली थायरॉइडची गोळी वेगळी, तिचा या कॅन्सरच्या इशाऱ्याशी संबंध नाही. आणि वरच्या पोटात अशी कळ की पाठीत आरपार जाते आणि उलटी थांबतच नाही, तर इनो घेऊन बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ, स्वादुपिंडाला सूज असू शकते.

हो, आणि चरबीबरोबर स्नायूपण जातात. मला तीच ती लोणच्याची बरणी उघडेना एकदा! अंडी, डाळ, पनीर खा, थोडं वजन उचल.

घेऊच नको असं नाही म्हणत मी. माझे गुडघे खरंच हलके झाले होते. पण बंद केल्यावर चार किलो परत आलेत, सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासात तर थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे दोन महिने घेतलं, एखादं लग्न उरकलं, संपलं, असं नसतं ते.

बुधवारी तुझ्या शुगरच्या डॉक्टरकडे जा आणि दाजींना बरोबर ने. ओरडतील तर ओरडतील. मी घरी आल्यावर सासूबाईंना रडत रडत सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ती बाटली होय, मला एप्रिलपासून दिसतेय. मला वाटलं तुला शुगर निघालीय आणि तू आम्हाला सांगत नाहीयेस. रोज तुझ्या चहात साखर कमी घालत होते मी."

तुझी,
मंजू