मूर्तीचे पुढे काय झाले, तेही फलकावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाणारी बहुतेक मंडळी थेट आतल्या दालनांकडे वळतात आणि बाहेर उघड्यावर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती मुलांचे फोटो काढण्यापुरताच उरतो. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तो हाच हत्ती. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो उचलताना कोसळला, त्याचे तुकडे झाले आणि पुढे १९१४ साली ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला. जवळ जाऊन पाहिल्यास त्याच्या अंगावरचे सांधे आजही दिसतात. ते लपवावेत असे मला मुळीच वाटत नाही. उलट मुलांना आधी तेच दाखवावेत.

आपल्याकडे शिल्पाशेजारच्या फलकावर देवतेचे नाव, शतक आणि गावाचे नाव असते, पण ते शिल्प मुळात कुठे बसवलेले होते, कधी भंगले आणि कशाने सांधले, याचा सहसा उल्लेख नसतो. काळा घोडा भागातील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कर्नाटकातील ऐहोळेच्या हुच्चप्पय्या गुडी या मंदिरातील, सातव्या शतकातले शिल्पपट आहेत. ते मूळ मंदिराच्या छतातले, म्हणजे मान वर करून पाहण्यासाठी घडवलेले आहेत. एवढे एक वाक्य ठाऊक असले तरी त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

देखभालीच्या दृष्टीने तर ही माहिती अधिकच गरजेची आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान संग्रहालयात (नाव घेत नाही) मी एका मूर्तीचा तुटलेला हात सिमेंटने जोडलेला पाहिला. सांध्याभोवती पिठासारखी पांढरी पूड जमली होती आणि बोट लावताच दगडाचा पापुद्रा हातात आला. सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर दगडात उतरतात, दगड सुकताना त्यांचे स्फटिक बनतात आणि पृष्ठभाग आतून सुटत जातो. जुन्या दुरुस्त्यांमधल्या लोखंडी सळ्यांचेही तसेच आहे, कारण लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला तडा देते. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या दोन्हींना हातभारच लावतात. तिथल्या कर्मचाऱ्याला मात्र तो हात कुणी, कधी जोडला हे सांगता आले नाही, कारण तशी नोंदच नव्हती.

म्हणून संग्रहालयांना एकच विनंती आहे. प्रत्येक दगडी शिल्पाच्या दुरुस्तीची तारीख आणि वापरलेले साहित्य नोंदवहीत लिहावे, आवारातल्या शिल्पांचे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे आणि त्या नोंदीतल्या दोन ओळी फलकावरही याव्यात. याला मोठा निधी लागत नाही. आवारातली शिल्पे दालनातल्या मूर्तींपेक्षा कमी मोलाची मानली जातात म्हणून हे काम मागे पडते, असा माझा समज आहे. तो चुकीचा ठरला तर आनंदच होईल.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई