क्रीडावर्गात अडखळणाऱ्या मुलांचे काय?

प्रति,
संपादक महोदय,

मुलाला एखाद्या खेळाच्या वर्गात घातले की त्याच्या हालचालींना आपोआप वळण लागेल, असे बहुतेक पालक धरून चालतात. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नियमित खेळणाऱ्या मुलांचा शारीरिक समन्वय इतर मुलांपेक्षा सरस असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, हे खरे. पण ज्यांचे हातपाय मुळातच सफाईने चालतात तीच मुले खेळाकडे ओढली जातात, संघात निवडली जातात आणि टिकतात. बाकीची काही महिन्यांत वर्ग सोडतात व कोणाच्याच मोजणीत येत नाहीत. त्यामुळे क्रीडावर्गाची पारख पदकांवरून न करता, अडखळत आलेल्या मुलाचे तिथे पुढे काय झाले यावरून व्हावी, असे मला ठामपणे वाटते.

समन्वय म्हणजे काय, हे चेंडू झेलताना नीट दिसते. नवखे मूल हात ताठ पुढे करते, चेंडू जवळ येताच मान फिरवते आणि अंगावर आलेला चेंडू छातीशी कवटाळते. हळूहळू नजर चेंडूवर ठरते, हात त्याच्या वाटेत वेळेवर पोहोचतात आणि झेलताना कोपर किंचित वाकून धक्का जिरवतात. डोळ्यांनी टिपलेले, आतल्या कानाने जाणवलेला तोल आणि स्नायू-सांध्यांकडून आलेली खबर यांची सांगड मेंदूने घातल्याशिवाय हे जमत नाही, आणि ती सांगड भरपूर व वेगवेगळ्या सरावानेच पक्की होते. प्रत्यक्षात मात्र कित्येक वर्गांत मुले लांबलचक रांगेत उभी असतात, तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू मोजक्याच वेळा येतो, आणि सामना सुरू झाला की तो पुन्हा चपळ मुलांकडेच जातो.

प्रगती मोजणे अवघड आहे, ही सबबही पटण्यासारखी नाही. किफार्ड आणि शिलिंग या जर्मन संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेली, ५ ते १४ वर्षांच्या मुलांचा शारीरिक समन्वय मोजणारी ‘केटीके’ चाचणी आजही वापरात आहे. तीत ६, ४.५ आणि ३ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांवरून उलट चालणे, एका पायावर अडथळा ओलांडणे, १५ सेकंद दोन्ही पायांनी आडव्या उड्या मारणे आणि दोन फळ्या आलटून पालटून सरकवत बाजूला जाणे, एवढेच करायचे असते. प्रवेशाच्या वेळी आणि नंतर ठरावीक काळाने ती घेतली, वयाचा हिशेब धरून मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी केली, तर वर्गाने काय दिले हे पालकांनाही कळेल.

साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच खेळाला जुंपण्याची घाई मला विशेष खटकते. धावणे, फेकणे, झेलणे, लोळणे, लटकणे, उड्या मारणे, तोल सावरणे या सर्वांना त्या वयात जागा हवी. पुढे उंची झपाट्याने वाढते (मुलींची साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास), तेव्हा काही मुलांच्या हालचाली काही काळ बेंगरूळ होतात. नेमके त्याच वेळी त्यांना संघातून वगळणे अन्यायाचे आहे.

शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के मुलांना समन्वयाचा विकासात्मक विकार असतो. बुटाची नाडी बांधणे, लिहिणे, सायकल चालवणे यांतही अशा मुलांची दमछाक होते. त्यांना ‘वेंधळा’ किंवा ‘आळशी’ म्हणून बाजूला बसवण्याऐवजी प्रशिक्षकाने पालकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सुचवावे, आणि तोवर चेंडू मोठा व मऊ, अंतर कमी, वेग बेताचा ठेवून त्यांना खेळात सामील करून घ्यावे. वर्ग निवडताना पालकांनीही गेल्या वर्षी किती मुले जिंकली याऐवजी किती मुले वर्ग सोडून गेली आणि का, हे विचारावे.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक