दार उघडं असूनही आत बसलेली माणसं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत व्यवस्थेशी झुंजणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्यांवर जो लेख आला तो वाचला. चांगलाच आहे पण एक गोष्ट फार टोचली म्हणून लिहितोय. लेखकाचं म्हणणं असं की या सगळ्या कथा एकाच साच्यातल्या, एक बंडखोर येतो, संस्थेशी भांडतो, संस्था त्याला चिरडते आणि वाचकाच्या हाती उरते फक्त निराशा. मला हे अजिबात पटलं नाही.

केन केसीची १९६२ सालची 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' घ्या. लेखात ती आहेच पण सगळं फक्त तिच्या बंडखोर नायकाबद्दल, मॅकमर्फीबद्दल. अहो, त्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात नर्सच्या केबिनजवळ एक वही ठेवलेली असते, कोण काय बोललं ते दुसऱ्या पेशंटनी गुपचूप त्यात लिहायचं, आणि कामाची माहिती दिली की दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपायची परवानगी. बास, एवढंच बक्षीस! आणि तेवढ्यासाठी माणसं रोज शेजारी बसणाऱ्याची चुगली करतात. मला तर तिथल्या शॉक ट्रीटमेंटपेक्षा ती वहीच जास्त भयंकर वाटली.

याचं कारण माझं स्वतःचं आहे. मी चार वर्षं हॉस्टेलवर काढली. गेट लवकर बंद व्हायचं म्हणून आम्ही सगळेच चिडायचो पण उशिरा येणाऱ्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहायला आमच्यातलाच एकजण असायचा आणि एक वर्ष तो मी होतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला खिडकीजवळची कॉट मिळाली होती.

पुढे मॅकमर्फीला कळतं की वॉर्डातले बरेचजण स्वतःहून भरती झालेत, मनात आणलं तर लगेच घरी जाऊ शकतात. तो स्वतः सक्तमजुरी टाळायला वेडाचं सोंग घेऊन आलेला, त्याची सुटका नर्सच्या मर्जीवर, आणि हे लोक मोकळे असून तिथेच बसलेत. तो अक्षरशः हादरतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवसांनी परत उघडलं.

काफ्काच्या 'द ट्रायल' या कादंबरीतही हेच आहे (१९२५ ला आली, तो गेल्यानंतर). तिचा नायक जोसेफ के. ला अटक होते पण कुणी डांबत नाही, बँकेतलं काम चालूच. रविवारी सुनावणी आहे म्हणतात, वेळ सांगत नाहीत, तर हाच ठरवतो की नऊला पोचायचं आणि मग उशीर होऊ नये म्हणून पळापळ करतो.

आता शेवटाबद्दल. मॅकमर्फी संपतो, खरंय, त्याच्या मेंदूवर ऑपरेशन करून त्याचा पार गोळा करून टाकतात. पण गोष्ट सांगतोय कोण? ब्रॉमडेन, वॉर्डातलाच एक पेशंट, जो वर्षानुवर्षं बहिरामुका असल्याचं दाखवत सगळं ऐकत बसलेला, आणि त्याचं नावही लेखात नाही! १९७५ च्या सिनेमात त्याचं निवेदनच नाही, कदाचित म्हणूनही तो विसरला जात असेल. शिवाय कादंबरीत मॅकमर्फीला नेल्यावर वॉर्ड हळूहळू रिकामा होतो, कुणी दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतं, कुणी डॉक्टरांचा सल्ला न मानता सही करून निघून जातं. एवढा शिकलेला आणि एवढा घाबरट पेशंट हार्डिंग, तोही रीतसर सही करतो आणि त्याला न्यायला बायको येते. आंघोळीच्या खोलीतलं जे अवजड कंट्रोल पॅनेल मॅकमर्फीला तसूभरही हलवता आलं नव्हतं ते ब्रॉमडेन उचलतो, खिडकीवर फेकतो आणि चांदण्यात पळत सुटतो.

पुरवणीत जागा असेल तर कृपया त्या बाकीच्या पेशंट्सबद्दलही कुणाकडून तरी लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक