वजन उतरवण्याची घाई

संपादक महोदय,

लग्नसराई जवळ आली की महिन्याभरात 10 किलो वजन घटवून देणाऱ्या जाहिराती आमच्या इंदुरात ठिकठिकाणी झळकू लागतात. उपासमारीने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर पाणी आणि स्नायूही जातात, आणि जुना आहार सुरू होताच काटा पुन्हा वर चढतो, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे. तिसऱ्या खेपेस केवळ सवयी बदलल्या: सकाळचे पोहे ठेवले, पण त्यांवरची शेव मुठीवरून चिमटीवर आणली, जिलेबी रविवारपुरती राखली, जेवणात वरण-उसळ वाढवली आणि रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाणे सोडले (हे सर्वांत कठीण गेले). जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज अर्धा तास झपझप चालल्यास पाच दिवसांत तो पुरा होतो. वर्षभरात माझे सात किलो उतरले आणि अद्याप परतलेले नाहीत. मात्र चालायचे कुठे? स्वच्छतेत अग्रेसर असलेल्या या शहरात पदपथांवर उभी राहणारी वाहने हटवली गेली, तर आमच्यासारख्या ज्येष्ठांना घराजवळच चालता येईल.

– एक वाचक, इंदूर