मोडशी, हिंग आणि पणजीच्या बागेतला डॉक्टर

पुणे,
रविवार रात्र

प्रिय पक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं मोठं टाकलं असतं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहितोय. आणि हा विषय तुझ्या हिंग-हिरड्याच्या दुकानाचाच आहे, तुझ्याशिवाय सांगणार कुणाला? घरात दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा बायको "कुकर बघ" म्हणाली.

मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो होतो ते तुला माहितीये. शेवटच्या दिवशी पणजीत घरातल्या दोघी काजू घ्यायला गेल्या आणि मला पिशव्यांसकट चर्चजवळच्या बागेत बसवलं. ऊन असं की डोकं फिरावं. बागेचं नाव गार्सिया द ओर्ता. मला वाटलं असेल कुणी पोर्तुगीज गव्हर्नर, पोर्तुगीज नाव दिसलं की आपण गव्हर्नर नाहीतर पाद्री असंच धरून चालतो. दीड तास काढायचा होता म्हणून मोबाइलवर शोधलं, तर निघाला डॉक्टर. आणि नुसता डॉक्टर नाही, तुझ्याच लाइनीतला माणूस. हिरडा, पिंपळी, हिंग, वेलदोडा, कापूर, हळद, चिंच, अफू, भांग, धोतरा या सगळ्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं, गोव्यातच छापलं, 1563 साली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 67 वर्षं आधी रे! तेव्हापासून गेले तीन महिने मी रात्री हेच वाचत बसतो.

पुस्तक म्हणजे आख्खा संवाद आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. हा रुआनो कधी नव्हताच, ओर्तानंच उभा केलेला. म्हणजे कॉलेजात घोकलेला ओर्ता प्रश्न विचारतोय आणि इथं तीस वर्षं काढलेला ओर्ता उत्तर देतोय. रुआनो दर दोन मिनिटांनी कुठल्यातरी ग्रीक वैद्याचं नाव काढतो, अमक्यानं असं लिहिलंय, तमक्यानं तसं. ओर्ता शेवटी वैतागून म्हणतो की मला डायोस्कोरिडीस नि गेलेनची भीती घालू नकोस, मी मला जे खरं ठाऊक आहे तेवढंच सांगणार. तुझे अण्णा गल्ल्यावर बसून सांगायचे ना, "पुस्तकात काय वाट्टेल ते असेल, माल हातात घेऊन बघ", अगदी तोच सूर.

आता मुख्य गोष्ट. आठवतं का, आपण सहावीत का सातवीत असताना तुमच्या मळ्यात कच्च्या कैऱ्या आणि वर उसाचा रस असं काहीतरी अघोरी खाल्लं होतं आणि रात्रभर दोघं आळीपाळीनं परसात पळत होतो? तुझी आजी कंदील घेऊन उभी आणि एकच वाक्य, "मोडशी झालीया पोरास्नी." नंतर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलाच नाही. डॉक्टर गॅस्ट्रो म्हणतात, आई 'पोट बिघडलं' म्हणते. आणि तो शब्द मला भेटला कुठं, तर 1563 च्या पोर्तुगीज पुस्तकात! ओर्ता लिहितो की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो. तो वर्णन करतोय कॉलऱ्याचं. दहा तासांत गेलेली माणसं त्यानं पाहिलीत, जास्तीत जास्त टिकलेला चार दिवस, आणि जोर सगळा जून-जुलैत. पुढं फ्रेंचांनी त्याच शब्दाचं 'मोर द शियां' केलं, म्हणजे कुत्र्याची मौत. आजीचा शब्द फिरत फिरत कुठं पोचला बघ.

आणि उपाय काय देतात तर मिरी आणि जिरं घातलेलं तांदळाचं पाणी, त्याला इथं 'कांजी' म्हणतात असंही त्यानं लिहून ठेवलंय. आजीनं आपल्याला त्या रात्री काय पाजलं होतं? पेज. जिरं होतं हे मला पक्कं आठवतंय कारण ते दातात अडकलं होतं. मिरीचं तू सांग.

हिंगाची गोष्ट तर दुकानात पाटीवर लिहून ठेवावी अशी आहे. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे भारी घोडा होता, पण त्याला वाताचा फार त्रास, म्हणून राजा काही तो विकत घेईना. पोर्तुगिजानं पिठात हिंग कालवून चारला, घोडा ठणठणीत. राजानं घोडा घेतला आणि विचारलं, बरा कशानं केलास? हा म्हणाला हिंगानं. राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचं अन्न चारलंस. त्यावर हा हळूच, आपल्या भाषेत पुटपुटला की देवांचं कसलं, सैतानाचं म्हणा! वासानं हैराण झाला असणार बिचारा. तुझ्याकडं हिंगाचा डबा उघडला की मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचो, मी त्या पोर्तुगिजाच्या बाजूनं आहे.

आता तू विचारशील हा इकडं आलाच कशाला. तिथंच गोम आहे. याचे आईबाप मूळ स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेननं ज्यूंना हाकललं, तो कोलंबस निघाला तेच साल, तेव्हा हे लोक पोर्तुगालात आले. पाच वर्षांत तिथंही राजानं सगळ्यांना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं. असल्या लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणायचे आणि पिढ्यान् पिढ्या ते नवेच राहायचे, शेजारीपाजारी डोळा ठेवून, शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचं मांस खातात की नाही. गार्सिया 1500 च्या आसपास जन्मला, सालामांका आणि अल्काला इथं शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायलाही लागला. मग 1534 च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा नावाच्या बड्या सरदाराचा डॉक्टर म्हणून जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यात उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे चोरून दुसरा धर्म पाळणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. वारं ओळखून निघाला होता का, हे त्यानं कुठं लिहिलेलं नाही, लिहिणार तरी कसं, पण मला तरी तसंच वाटतं.

इथं मात्र त्याचं बस्तान छान बसलं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे त्याचं जाणंयेणं होतं. आपल्या नगरला, पक्या! तू एसटीत कंटाळून शिव्या घालतोस त्या नगरला. निजामशाह त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा आणि हा त्याला लॅटिन नावं शिकवायचा. मला ते चित्रच दिसतं, दरबार उठलाय, आणि हे दोघं पोरांसारखे तुझं काय माझं काय करत बसलेत. गोव्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य होता, त्याचंही नाव पुस्तकात येतं. शिवाय मुंबई बेट याच्याकडे भाड्यानं होतं. हो, आख्खं मुंबई बेट! इंग्रजांना ते आंदणात मिळायच्या शंभर वर्षं आधी. आंब्याच्या प्रकरणात मुंबईहून त्याच्या कुळाकडून आंब्यांची पाटी येते, आणि हा ऐटीत सांगतो की माझ्या बेटावर एक झाड आहे, वर्षातून दोनदा फळतं, एकदा नाताळात आणि एकदा मे अखेरीस. आता त्या बेटावर दोन खोल्यांसाठी माझ्या मेहुण्यानं वीस वर्षांचं कर्ज काढलंय.

एक गोष्ट खटकली, तीही सांगतो. या संवादांत अधूनमधून आंतोनिया नावाची मुलगी येते. ओर्ता म्हणतो जा अमका पाला घेऊन ये, आणि ती आणते. ती त्याची गुलाम. झाड कुठं उगवतं, पान कुठलं खुडायचं, हे हातानं ओळखणारी तीच, पण तिच्या वाट्याला संवाद दोन-चार ओळींचे. बाकी माणसाला जिज्ञासा केवढी आणि ही मुलगी घरात गुलाम म्हणून राबते याचं त्याला काहीच वाटत नाही. त्या काळात कुणालाच वाटत नव्हतं म्हण, पण म्हणून मला खटकायचं थांबत नाही. गंमत म्हणजे 1567 मध्ये क्लूसियस नावाच्या पंडितानं अँटवर्पला या पुस्तकाचा लॅटिन सारांश छापला, युरोपनं ओर्ता वाचला तो मुख्यतः तसाच, आणि त्यात संवाद काढूनच टाकलेले. रुआनो गेला, आंतोनिया गेली, कुळानं आणलेली पाटी गेली, उरल्या नुसत्या औषधांच्या नोंदी.

छपाईबद्दल एक सांगायचं राहिलं. छापखाना तेव्हा गोव्यात नवा होता, 1556 मध्ये आलेला, त्यामुळं चुका इतक्या की शुद्धिपत्रच वीसेक पानांचं जोडलंय! तुझ्या लग्नाची पत्रिका आठवली, वधूच्या नावाच्या जागी काकूंचं नाव. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला एक कविता आहे, ती कामोइंश नावाच्या तेव्हा गोव्यात असलेल्या माणसाची. पुढं तो पोर्तुगालचा महाकवी झाला, पण त्याची छापलेली पहिली कविता ही, तीही औषधांच्या पुस्तकात.

आता शेवटचं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली. इन्क्विझिशन 1560 मध्ये गोव्यातही आलं. म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा ते लोक गावातच बसलेले होते. हा माणूस प्रत्येक मुळीबद्दल सांगतो की मी कुठं पाहिली, कुणाला विचारलं, चाखली तर कशी लागली, आणि स्वतःच्या घरातल्या गोष्टीबद्दल पानंच्या पानं एक अक्षर नाही. 1568 मध्ये तो गेला, ख्रिस्ती म्हणून रीतसर पुरला. पुढच्याच वर्षी त्याच्या सख्ख्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं, का तर चोरून ज्यू धर्म पाळते म्हणून. चौकशीत नातेवाइकांच्या जबाबांतून भावाचंही नाव बाहेर आलं. तो तर मेलेला, आता करणार काय? खटला चालवला रे. मेलेल्या माणसावर. आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

आणि मी त्याच्या नावाच्या बागेत पिशव्या सांभाळत, नीरा पीत बसलो होतो. बागेच्या मधल्या खांबावर आता सिंहांची मुद्रा आहे, पूर्वी तिथं वास्को द गामाचा पुतळा होता म्हणे. शेजारच्या बाकावर एक म्हातारेबुवा कोकणीत फोनवर कुणालातरी जेवलास का विचारत होते. मग या दोघी काजू घेऊन आल्या आणि भाव कसा पाडला ते ऐकत आम्ही बस स्टँडला गेलो.

असो, फार झालं. माझी दोन कामं कर. पहिलं, काकूंना विचार की आजी मोडशीवर पेज द्यायची त्यात मिरी असायची की नुसतं जिरं. दुसरं, गल्ल्यावर बसतोस तेव्हा जरा कान उघडा ठेव, गावाकडची म्हातारी माणसं अजून 'मोडशीवर काहीतरी द्या' म्हणत येतात का. एक जरी आलं तरी मला लगेच फोन कर, रात्री बारा वाजता केलास तरी चालेल.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. हिंग पाठवणार असशील तर दोन पिशव्यांत बांधून पाठव, मागच्या वेळी कुरिअरवाला नाक दाबून आला होता.

तुझाच,
सुध्या