गाळ न तपासता नदी कशी कळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीनने एप्रिल 2025 मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून या मूलद्रव्यांचा साठा असलेल्या छोटा उदेपूरच्या आंबाडुंगरची चर्चा बडोद्यात पुन्हा सुरू झाली आहे. खाण निघाली तर पाण्याचे काय, ही काळजी रास्तच. पण ही मूलद्रव्ये विश्वामित्रीसारख्या शहरातल्या नदीत उतरायला खाणच लागते असे नाही. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधात गॅडोलिनियम हे यांतलेच एक मूलद्रव्य असते. नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिमोल, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ एक ग्रॅम धातू. मूत्रपिंडे धड असतील तर त्यातले बहुतेक दिवसभरात लघवीवाटे गटारात जाते आणि मैलाशुद्धीकरण केंद्रातून फारसे न अडता पुढे निघते. बर्लिनच्या नद्यांत ते 1996 मध्येच नोंदले गेले. तेलशुद्धीकरणाच्या उत्प्रेरकांत लँथनम हे याच गटातले दुसरे मूलद्रव्य असते. ऱ्हाईन नदीत वर्म्स शहराजवळ सापडलेल्या लँथनमचा माग असे उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत गेला.

औषधातले गॅडोलिनियम मोठ्या रेणूच्या पकडीत असते, म्हणून ते माशाला लगेच बाधत नाही. बाधतो तो मोकळा आयन. लँथनमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळचा. पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटेवर तो ठाण मांडून बसतो. पाणी जड असले, कॅल्शियम भरपूर असले, तर त्याचे फारसे चालत नाही. डॅफ्निया या पाणपिसूवरच्या प्रयोगांत मऊ पाण्यात लिटरला 43 मायक्रोग्रॅम लँथनमने 48 तासांत निम्म्या पिसवांची हालचाल थांबली. जड पाण्यात तेवढ्याच परिणामाला 1180 लागले. पावसाळ्यात नदीचे पाणी मऊ होते, तेव्हा उन्हाळ्यातला एकच नमुना घेऊन हायसे वाटून घेऊ नये.

दुसरी गोची फॉस्फेटची. सांडपाण्यात ते मुबलक असते. लँथनम आणि याच गटातले सीरियम त्याच्याशी जुळून अविद्राव्य होतात आणि तळाला बसतात. वरचे पाणी तपासले तर अहवाल स्वच्छ, आणि माल सगळा गाळात. त्यातून पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात या मूलद्रव्यांना मर्यादाच नाही, त्यामुळे ‘सर्व घटक मर्यादेत’ या शेऱ्याला इथे काही अर्थ उरत नाही.

विश्वामित्रीतल्या मगरींना यातून विष बाधेल ही धास्ती मात्र आम्हाला थोडी अवास्तव वाटते. पाऱ्याप्रमाणे ही मूलद्रव्ये अन्नसाखळीत वर चढत जात नाहीत; वरच्या पायरीवर ती बहुधा कमीच आढळतात. पहिला मार बसतो गाळातल्या अळ्या, गोगलगायी आणि शिंपल्यांना.

नमुना घेताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पाणी आधी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे आणि मगच शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणावा. क्रम उलटला तर तरंगत्या मातीतला धातू आम्लात सुटतो आणि आकडा फुगतो. आम्ल घालायचेच राहिले तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा पडतो. बाटली पॉलिएथिलिनची, आम्लाने धुतलेली हवी. अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावरही फसगत होते: प्रासिओडिमियम या त्याच गटातल्या धातूचा ऑक्साइड नेमका गॅडोलिनियमच्या 157 या वस्तुमानावर येतो आणि नसलेले गॅडोलिनियम दिसू लागते. ही दुरुस्ती केली का, हे प्रयोगशाळेला विचारावे. गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तपासावा, कारण धातू बारीक कणांनाच धरून राहतो.

नुसत्या गॅडोलिनियमच्या आकड्यावरूनही काही ठरत नाही, ते मातीतही असतेच. आवर्त सारणीत शेजारच्या समेरियम आणि टर्बियमच्या मानाने ते किती वर उठले आहे, हे पाहावे. उंचवटा दिसला तर तिथवर मैलापाणी पोचते आहे असे समजावे, मग शुद्धीकरणाच्या नोंदी काहीही म्हणोत.

विश्वामित्रीसाठी आमची सूचना अशी: शहरात शिरण्याआधी एक जागा, प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या सोडणीखाली एक आणि शहर ओलांडल्यावर एक. मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, दोन्ही वेळा पाणी व गाळ सोबत घ्यावा. पाण्याची कठीणता (जडपणा) आणि फॉस्फेट त्याच दिवशी मोजावे. ते नसेल तर बाकीच्या आकड्यांवरून जलचरांना धोका किती, ते सांगता येणार नाही. यापुढे जेव्हा नदीतला गाळ उपसला जाईल, तेव्हा तो शेतात किंवा भरावाला टाकण्याआधीही हीच तपासणी व्हावी.

आपले,
रसायनशास्त्राचे दोन अभ्यासक,
दांडिया बाजार, वडोदरा